प्रदेयागमांची यादी कोण करणार?

खासगी विद्यापीठांच्या माहितीपुस्तिकांत एक पान हल्ली ठरलेले असते : 'आमचे नामवंत माजी विद्यार्थी'. छायाचित्र, हुद्दा आणि कंपनीचे नाव. पालकही तेच पान आधी उघडतात. यात वावगे काय, असे कोणी विचारील. वावगे एवढेच की, पदवीधराने काय मिळविले ते या यादीत असते. त्याने काय दिले याला तिथे रकानाच नसतो. आणि महाराष्ट्राबाहेरील आपल्या मराठी संस्थाही हीच मोजपट्टी हाती घेऊ लागल्या आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

एका लहानशा खासगी विद्यापीठाचे उदाहरण घेऊ. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून धोंडो केशव कर्वे यांच्या मनात एक कल्पना रुजली. 1915 च्या सामाजिक परिषदेत त्यांनी ती मांडली आणि 1916 साली पुण्याजवळ हिंगण्यास महिला विद्यापीठ सुरू झाले. महाविद्यालयात विद्यार्थिनी होत्या पाच. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठास मिळाले. वैधानिक दर्जा मिळायला मात्र 1951 साल उजाडावे लागले. म्हणजे पस्तीस वर्षे हे विद्यापीठ कायद्याच्या आधारावाचून पदव्या देत होते.

सरकारी सेवेत असताना अर्जाबरोबरच्या प्रमाणपत्रावर 'मान्यताप्राप्त' हा शब्द आहे की नाही, हे आम्ही आधी पाहत असू. नियमच तसा होता आणि नियम म्हणून तो योग्यही होता. परंतु त्या नजरेने पाहिले असते, तर या विद्यापीठाची पदवीधर आमच्या टेबलावरून रिकाम्या हाताने परत गेली असती, हे कबूल केले पाहिजे.

कोण होत्या या पदवीधर? न. चिं. केळकरांच्या कन्या कमलाबाई देशपांडे या येथीलच. मायदेशात जिला सरकारी शिक्का नव्हता, ती पदवी घेऊन त्या प्रागला गेल्या, तेथील विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून परतल्या आणि प्राचीन भारतातील बालजीवनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1936 साली पुण्यास प्रसिद्ध झाला. मातृभाषेतून शिकलेल्यांना जगाचे दरवाजे बंद होतात, असे ठासून सांगणाऱ्यांनी हे एक उदाहरण पदरी बांधून ठेवावे.

दुसऱ्या मालतीबाई बेडेकर. 'विभावरी शिरूरकर' या नावाने त्यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह 1933 मध्ये आला आणि महाराष्ट्रात वादळ उठले. पुढे सोलापूरच्या वसाहतीत, कायद्याने 'गुन्हेगार' ठरविलेल्या जमातींमध्ये, त्यांनी काम केले. त्या अनुभवातून 1950 ची 'बळी' ही कादंबरी आली. यात एक गंमत आहे. चांगल्या गृहिणी आणि माता घडविणे हा या विद्यापीठाचा एक उघड हेतू होता, आणि स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम कशाला, हा त्यावरील आक्षेप आम्हांसही पटतो. पण त्याच संस्थेतून शिकलेल्या बाईने सुशिक्षित अविवाहित मुलींची घुसमट उघड्यावर मांडली. शिक्षण खरे असेल तर ते संस्थापकाच्या हेतूलाही ओलांडून जाते.

यावर कोणी म्हणेल, तुम्हीही नामवंतांचीच यादी दिलीत की! आक्षेप रास्त आहे. दोन नावांनी विद्यापीठ सिद्ध होत नाही. म्हणूनच त्या पदव्यांच्या नावांकडे पाहावे. इतर विद्यापीठे मुलींनाही 'बॅचलर' ठरवीत होती, तेव्हा येथे पदवी होती 'गृहीतागमा', जिने विद्या ग्रहण केली ती. आणि त्याहून वरची पदवी 'प्रदेयागमा', जिच्यापाशी इतरांना देण्याजोगी विद्या आहे ती. घेणे ही पहिली पायरी, देणे ही वरची. विद्यापीठाने आपली मोजपट्टी पदवीच्या नावातच कोरून ठेवली होती. त्या मोजपट्टीने पाहता, मुलींच्या शाळांतून आयुष्यभर शिकविणारी, कोणत्याही कोशात नाव नसलेली शिक्षिका ही या विद्यापीठाची खरी नामवंत. मालतीबाईंनी स्वतःही कन्याशाळेत शिकविले होते.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या मंडळांच्या गुणगौरव समारंभांत व्यासपीठावर कोण असते? परदेशस्थ अभियंता, बडा अधिकारी, क्वचित आमच्यासारखा निवृत्त अंमलदार. ज्या बाईंनी पटावर मोजकी मुले उरली असतानाही मराठीचा वर्ग चालू ठेवला, त्या प्रेक्षकांत, तिसऱ्या रांगेत. मग मराठी शाळेतून शिकून काय होते, असे पालकांनी विचारले तर दोष त्यांचा कसा? आपणच त्यांना हुद्द्यांची यादी वाचायला शिकविले.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मंडळाने आपल्या गावातील मराठी शिकविणाऱ्यांची एक वही करावी : कोणी, कोणत्या शाळेत, किती वर्षे शिकविले. हयात असणाऱ्यांकडे जाऊन विचारावे आणि पुढच्या समारंभात ती वही आधी वाचावी. हुद्देदारांचे सत्कार त्यानंतर खुशाल होऊ द्यावेत.