बॅकपॅक नाही, म्हणून प्रवासी नाही

मराठी मध्यमवर्गाला सुरत दोनदाच भेटते: एकदा चौथीच्या इतिहासात आणि मग एकदम लग्नाच्या बस्त्यात. खानदेशातली लाखो माणसं तिथं जाऊन राहिली, याचा आपल्याला पत्ताच नाही.

आपल्याला कौतुक वेगळ्याच प्रवाशांचं. कोणताही दिवाळी अंक उघडा. कुणीतरी एकटंच प्रागला उतरलेलं असतं. भाषा कळेना, सिम चालेना, हॉटेल सापडेना. मग कुणी अनोळखी म्हातारी देवासारखी धावून येते आणि लेखकाला 'स्वतःचा शोध' लागतो. खिशात परतीचं तिकीट, कार्डावर लाखाची मर्यादा, वर प्रवास विमा. एवढा जामानिमा घेऊन हरवायला धाडस लागत नाही, रजा लागते.

खरं एकटं उतरणं बघायचं असेल तर पहाटे सुरतेच्या उधना स्टेशनवर जा. मी गेलो आहे. भुसावळकडून गाडी येते आणि अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडची पोरं उतरतात. वाटेत नवापूर स्टेशनात अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. राज्य बदलतं तेव्हा बहुतेक जण झोपेत असतात. त्या दिवशी एक विशीतला पोरगा उतरला. एका हातात रेक्झिनची बॅग, खांद्यावर दादर ज्वारीच्या पिठाची पिशवी, तळहातावर बॉलपेनने लिहिलेला मावसभावाचा नंबर. घामानं शेवटचे दोन आकडे पुसलेले. बाहेर दुकानांच्या पाट्या गुजराती. रिक्षावाल्याशी काय बोलायचं याची हिंदीत जुळवाजुळव चाललेली, तेवढ्यात तोच म्हणाला, "कथा जानं शे रे भाऊ?" अस्सल अहिराणी! पोराला स्वतःचा शोध वगैरे लागला नाही; लिंबायतची खोली तेवढी लागली.

त्या खोल्यांत दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच्याच अंथरुणावर पडतो. काम म्हणजे लूमवर बारा तास, नाहीतर पांडेसऱ्याची डाईंग मिल, नाहीतर रिंग रोडच्या मार्केटात पाठीवर साड्यांची पार्सलं. त्यातही गंमत बघा. बाप खानदेशात कापूस पिकवतो आणि पोरगा पॉलिस्टरच्या शहरात राबतो. ज्या अमळनेरात १९४५ साली विप्रोचा जन्म झाला, तिथल्या पोराला बारा तासांच्या पाळीसाठी राज्य ओलांडावं लागतं. तिथली प्रताप मिल बंद पडली, तिच्यावर भाषणं मात्र चालू राहिली.

जून २०२२ मध्ये आपले आमदार बंड करून रातोरात सुरतेला गेले, तेव्हा सगळ्या वाहिन्या हॉटेलच्या दारात जाऊन बसल्या. आमदार कसे पोचले, कुठं थांबले, सगळं थेट प्रक्षेपित. त्यातला एखादा कॅमेरा लिंबायतकडे वळलेला मला तरी दिसला नाही.

गरीब प्रवाशाची दखल घेण्यात इंग्रज हुशार. त्यांचा टॉमस कोर्याट अलेप्पोहून पायी अजमेरला आला. पैशांची कायम चणचण. जहांगीरपुढे फारसीत भाषण ठोकून त्यानं शंभर रुपये उकळले. १६१७ च्या डिसेंबरात सुरतेत वारला. अशा फाटक्या माणसाचं नाव त्यांनी चारशे वर्षं प्रवासी म्हणून मिरवलं. आपण आपल्या पोरांना 'पोटासाठी गेलेला' म्हणतो आणि विषय मिटवतो.

सुरत साधुसंतांची आहे, असं माझं म्हणणं नाही. तिथलाही शेठ पगार अडकवतो. गुजरातेतच २०१८ साली हिंदी भाषकांवर हल्ले झाले आणि हजारोंनी घर गाठलं. पण सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून शेजारच्या नवसारीतून, म्हणजे सुरतेतल्याही मतांवर, लोकसभेत जातात. लिंबायतनं संगीता पाटील यांना २०१२ पासून तीनदा आमदार केलं. तिथं मराठी आडनाव निवडणुकीत आड येत नाही.

आणि आपण? ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मुंबई परिसरात पिटाळून पिटाळून मारलं. त्यांच्याही हातात तसल्याच बॅगा होत्या. अजूनही एखाद्या टपरीवाल्याला 'मराठीत बोल' म्हणून थोबाडीत देतात, त्याचा व्हिडिओ काढतात आणि सुशिक्षित माणसं तो हौसेनं पुढं पाठवतात. अस्मितेचे हे मुकादम एकदा त्या भुसावळच्या गाडीत बसवले पाहिजेत. परक्या शहरात पहिल्या दिवशी भाषा कुणालाच येत नाही. ती तिथं राहून, राबून येते. मराठी टिकवायची असेल तर शाळा टिकवा, खानदेशात गिरण्या आणा. ते जमत नाही म्हणून हात उचलला जातो, आणि तोही नेमका त्याच्यावर, ज्याच्या मागं त्या गावात कुणी नाही. उद्या सुरतेनं आपल्या पोराला गुजरातीची परीक्षा घेऊन कानाखाली वाजवली, तर कुठल्या तोंडानं बोलणार आहात?