अनुदानाचे खत, समाजाचे पाणी

मृगाचा पाऊस पडला की महाराष्ट्रात खड्डे खणण्याचा हंगाम सुरू होतो. वसाहतींच्या मोकळ्या जागांत, शाळांच्या आवारांत, गावाबाहेरच्या गायरानांत रोपे लागतात, फलक उभे राहतात, पाहुण्यांच्या हातून माती लोटली जाते आणि छायाचित्रे निघतात. पुढच्या वर्षी पुष्कळदा त्याच जागी, त्याच खड्ड्यात, नवे रोप लावण्याची वेळ येते. या वार्षिक उपचाराकडे आता थोडे गंभीरपणे पाहावयास हवे. कारण त्यात वाया जाते ते केवळ एक रोप नव्हे. चार लोकांनी एकत्र येऊन काही जोपासावे, ही त्यांच्या मनातली उमेदही त्या रोपाबरोबर वाळून जाते.

उद्यानांसाठी पैसाच नाही, असे म्हणता येणार नाही. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने राज्यातील नागरी भागांत वृक्ष प्राधिकरणाची आणि वृक्ष उपकराची तरतूद केली. शाळांमधून राष्ट्रीय हरित सेना २००१ पासून उभी राहिली. २०१५ च्या अमृत योजनेत शहरांतील हिरव्या जागांसाठी स्वतंत्र वाटा राखण्यात आला. केंद्राची नगरवन योजना २०२० मध्ये आली आणि त्याच वर्षी राज्यात पंचमहाभूतांवर आधारलेले ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते आणि पर्यावरणाचा त्या कार्यात स्पष्ट समावेश आहे. संकल्पांचेही दुर्भिक्ष नाही. २०१६ साली दोन कोटी वृक्षांपासून निघालेला राज्याचा संकल्प २०१९ मध्ये तेहतीस कोटींवर पोहोचला होता. असे असूनही वसाहतीतली बाग सुकते. मग दुखणे आहे तरी कोठे?

पहिले दुखणे पंचांगाचे आहे. शासनाचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. झाडाचे वर्ष मृगाला सुरू होते. मंजूर झालेला निधी हाती पडतो तेव्हा अनेकदा फाल्गुन आलेला असतो आणि पैसे तर महिन्याभरात खर्ची घालायचे असतात. त्या दिवसांत रोप लावणे म्हणजे त्याला वैशाखाच्या तोंडी देणे होय. साहजिकच तो पैसा फरशा, कमान, कुंपण आणि कोनशिला यांत जातो. हिशेब चोख राहतो, बाग मात्र सिमेंटची होते.

दुसरे दुखणे याहून खोल आहे. बहुतेक अनुदान लागवडीला मिळते, जोपासनेला मिळत नाही. एका रोपाला आठवड्यातून दोनदा दहा लिटर पाणी द्यायचे म्हटले, तरी नोव्हेंबर ते मे या तीस आठवड्यांत त्याला सहाशे लिटर पाणी लागते. शंभर रोपांना साठ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर. असे निदान तीन उन्हाळे काढल्यावर झाड स्वतःच्या पायावर उभे राहते. या तीन उन्हाळ्यांची तरतूद किती प्रस्तावांत असते? शाळेच्या परसबागेचेही तेच. तिच्या वाट्याला येणारी रक्कम काही हजारांच्या घरातली. तीत कुदळ-फावडी आणि बियाणे येते. पण मे महिन्यात शाळेला कुलूप असताना वाफ्याला पाणी कोण घालणार, याचे उत्तर कोणत्याही शासन निर्णयात सापडायचे नाही.

ते उत्तर समाजातच शोधावे लागते. सह्याद्रीच्या कुशीतल्या देवरायांना कोणी अनुदान दिले नव्हते. गावाने स्वतःवर घालून घेतलेले बंधन हेच त्यांचे भांडवल. वाळलेली काटकीदेखील उचलायची नाही, हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला म्हणून तेथे झरे वाहते राहिले. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास करून तिचे मोल जगासमोर मांडले. मात्र केवळ अभिमान बाळगून भागणार नाही. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी पैसा उभा करताना भोवतालची राईच तोडून विकल्याचीही उदाहरणे आहेत. ज्या राईमुळे देवाला देवपण होते ती जाऊन तेथे सिमेंटचा सभामंडप उभा राहावा, याला श्रद्धा म्हणत नाहीत. पैसा आला आणि बंधन सुटले की काय होते, याचा हा आपल्याच घरातला दाखला आहे.

याउलट पैसा बंधनासह आला तर काय घडते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. आदर्श गाव योजनेने निधीआधी श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी यांची अट घातली आणि हिवरे बाजारसारख्या गावाने ती अट व्रतासारखी पाळली. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी परसबागेतून गावरान बियाणे जपले. बाएफसारख्या संस्थेचे साहाय्य त्यांना लाभले. पण ते साहाय्य कामी आले, कारण बियाणे जपण्याचा ध्यास आधीपासून त्यांच्या घरात होता. २०२० साली जाहीर झालेल्या पद्मश्रीने त्या ध्यासाचाच गौरव केला. अनुदान हे खत आहे. रुजलेल्या रोपाला ते बळ देते. रोप नसलेल्या मातीत ओतले तर केवळ तण माजवते.

जागेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात नागरिकांनी ओसाड भूखंड साफ करून बागा फुलवल्या आणि १९७८ पासून तेथील नगर प्रशासनाने त्यांना बी-बियाणे व साहाय्य देणारी योजना चालवली. तरीही १९९९ मध्ये त्याच प्रशासनाने शंभराहून अधिक बागांचे भूखंड लिलावात काढले. स्वयंसेवी संस्थांनी पैसा उभारून ते विकत घेतले, म्हणून त्या बागा वाचल्या. जमिनीवर लेखी हक्क नसेल, तर अनुदानावर फुललेली बाग एका ठरावाने संपते, हा यातला धडा. मुंबईत प्रश्न उलट बाजूने उभा राहिला. मोकळ्या जागा संस्थांना दत्तक देण्याच्या धोरणावरून २०१६ च्या जानेवारीत वादळ उठले आणि मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. सार्वजनिक बाग ‘दत्तक’ जाऊन मोजक्यांचे क्रीडागृह होईल, ही लोकांची भीती अनाठायी नव्हती. म्हणून हक्क लेखी हवा आणि फाटकही सर्वांसाठी उघडे हवे.

या अनुभवांतून धोरणाची दिशा स्पष्ट होते. अनुदान एकरकमी न देता तीन वर्षांच्या तीन हप्त्यांत द्यावे आणि पुढचा हप्ता लावलेल्या नव्हे, जगलेल्या झाडांच्या मोजणीवर ठरावा. निधी वैशाखाआधी मंजूर होऊन मृगाला हाती यावा. पाणी आणि माळ्याची मजुरी हा प्रस्तावातला अनिवार्य भाग असावा. रहिवाशांचा वाटा श्रमाच्या अथवा वर्गणीच्या रूपाने आधी जमा व्हावा आणि जमाखर्च बागेच्या फलकावर लिहिला जावा. वस्तीचा वाटा ठरविताना तिची ऐपतही पाहिली पाहिजे. सुखवस्तू वसाहतीला वर्गणी जड नसते. दिवसभर राबणाऱ्या वस्तीला वेळही नसतो आणि जागाही नसते. लोकसहभागाच्या नावाखाली अशा वस्तीला वाऱ्यावर सोडणे हा अन्याय होईल. तेथे शासनाचा पैसा सर्वांत आधी गेला पाहिजे.

परंतु सर्वच भार शासनावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. वस्तीतल्या पंधरा महिलांनी मिळून बाग करावयाची ठरवली, तर नोंदणी, लेखापरीक्षण, करसवलतीची प्रमाणपत्रे यांच्या जंजाळातच त्यांचा उत्साह मावळतो. कंपन्यांचा सामाजिक निधी स्वीकारणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून केंद्राकडे स्वतंत्र नोंदणीही करावी लागते आणि सामान्यतः तीन वर्षांच्या कामाचा पूर्वानुभव दाखवावा लागतो. पैशाचा गैरवापर टळावा म्हणून हे नियम आवश्यकच आहेत. पण त्यामुळे निधी मोठ्यांकडे जातो आणि हात मात्र लहानांचे लागतात. हे अंतर भरून काढण्याचे काम गावोगावच्या जुन्या सेवासंस्था, शिक्षणसंस्था, वाचनालये, देवस्थाने करू शकतात. त्यांच्यापाशी नोंदणी आहे, हिशेबाची शिस्त आहे, समाजाचा विश्वास आहे. प्रत्येक संस्थेने आपल्या परिसरातील एका छोट्या गटाचे पालकत्व घ्यावे, त्याचा प्रस्ताव लिहून द्यावा, हिशेब सांभाळावा आणि श्रेय त्या गटालाच द्यावे. नित्य सेवाकार्यात असणाऱ्या कार्यकर्त्याला हे अवघड नाही. त्यासाठी लागते ती चिकाटी, जी उद्घाटनाच्या दिवशी नव्हे, तर चैत्र-वैशाखातल्या रणरणत्या दुपारी कसोटीला लागते.

यंदाच्या पावसाळ्यात कोठे रोप लावले जाईल, तेव्हा पाहुण्यांची नावे ठरविण्याआधी एक कागद घ्यावा आणि येत्या मे महिन्यात पाणी घालणाऱ्यांची नावे आठवड्यागणिक त्यावर लिहावीत. तो कागद भरला, तर अनुदानासाठी खुशाल अर्ज करावा. तो कोराच राहिला, तर खड्डा खणण्याचे श्रम वाचवलेले बरे.