कॅराव्हॅनच्या छतावरील खडखड

राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले. ओझरहून अशा वाहनाने निघणाऱ्यांनी छतावरील एसी आदल्या दिवशीच तपासावा. प्रथम केवळ पंखा चालवावा. तेव्हाच खडखड झाली, तर वीज तोडून पाते घासते काय, बोल्ट सैल आहेत काय, ते पाहावे. बोल्ट गरजेपेक्षा अधिक आवळू नयेत. खालचे रबर चेपून कंप थेट छतात उतरतो.

कॉम्प्रेसर नुसताच घुमून बंद पडत असेल, तर विजेचा दाब मोजून घ्यावा. घरातून लांब, बारीक वायर ओढण्याची आपली काटकसर येथे महागात पडते. दाब घटतो, कॉम्प्रेसर जळण्याची भीती असते. वायर तापून आगही लागू शकते. जाड वायरही वेटोळे पूर्ण सोडूनच वापरावी.