उपशाचा करार कुठे आहे?

१० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी खोरे मेगा रिचार्ज प्रकल्पाचा सामंजस्य करार झाला. एकूण ३१.१३ टीएमसी पाणी वापरायचं, त्यातलं १९.३६ टीएमसी आपल्या वाट्याचं आणि ११.७६ टीएमसी मध्य प्रदेशाचं. आपल्याकडे २ लाख ३४ हजार ७०६ हेक्टरला लाभ मिळेल असं सरकार सांगतं. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात या करारावर आनंद व्हावा हे स्वाभाविक आहे. कित्येक वर्षं कागदावर पडलेली योजना निदान सहीपर्यंत तरी आली. पण करारात सगळे आकडे जमिनीत पाणी भरण्याचे आहेत. भरलेलं पाणी कोणी, किती आणि कोणत्या पिकासाठी उपसायचं याचा करार कुणीच केलेला नाही, आणि माझ्या मते खानदेशाचं पाण्याचं दुखणं नेमकं तिथेच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो: योजनेमागचं शास्त्र पोकळ नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे आणि जाड वाळूचा जो पट्टा पसरलेला आहे, ज्याला भूशास्त्रज्ञ बझाडा म्हणतात, तो पाणी पटकन आत घेतो. डोंगरातून उतरणाऱ्या नद्या त्यावर आल्या की मुरतात आणि खालच्या गाळाच्या जाड थराला पोसतात. तापीच्या दक्षिणेला पारोळा, चाळीसगाव किंवा धुळे तालुक्यात बेसाल्टचा कातळ आहे. तिथे भेगा आणि झिजलेला मुरूम असेल तेवढीच साठवण. म्हणजे पुनर्भरणासाठी निसर्गाने खानदेशात जागा राखून ठेवलीच असेल, तर ती हीच. प्रश्न असा की एवढी उत्तम जागा रिकामी कशी झाली? भूजल मूल्यांकनात रावेर आणि यावल हे तालुके अतिशोषित ठरले, म्हणजे वर्षभरात जेवढं मुरतं त्याहून अधिक उपसलं जातं असं ठरलं. सातपुड्यावरचा पाऊस काही निम्म्यावर आलेला नाही. विहिरींच्या जागी ट्यूबवेल आल्या, त्या शेकडो फूट खाली गेल्या आणि केळीची मृगबाग, कांदेबाग बारमाही पाण्यावर उभी राहिली. ओढ वाढली म्हणून पातळी गेली. ती ओढ तशीच ठेवून वरून पाणी सोडलं, तर दहा-पंधरा वर्षांत आपण पुन्हा याच जागी उभे असू, फक्त केळीखालचं क्षेत्र वाढलेलं असेल.

याचा दाखला शोधायला लांब जायला नको. जलयुक्त शिवार योजनेवर २०१४ ते २०१९ या काळात साडेनऊ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. गावं जलपरिपूर्ण करणं आणि भूजल पातळी वाढवणं या उद्दिष्टांवर तिचा फारसा परिणाम दिसत नाही, असा निष्कर्ष कॅगने २०२० मध्ये काढला. शिरपूर तालुक्यात २००४ पासून सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद आणि खोल करून बंधारे घातले गेले. तिथल्या विहिरींना पाणी आलं हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या गाळाच्या जमिनीत ते चाललं, म्हणून कातळाच्या जमिनीतही चालेल असं समजून राज्यभर यंत्रं फिरवली गेली हा वेगळा घोळ. पण शिरपूर असो की जलयुक्त, चर्चा नेहमी किती घनमीटर अडवलं याचीच होते. आलेल्या पाण्यावर किती नव्या मोटारी बसल्या, याची नोंद कोणाच्या वहीत नसते.

इथे जळगावकर हमखास म्हणतील की ठिबक आहे ना. ठिबकचा उद्योग उभारणाऱ्या भवरलाल जैन यांच्या शहरात ठिबकला कमी लेखण्याचं कारणच नाही. ठिबकने झाडाला लागणारं पाणी वाचतं, उत्पादन वाढतं, मजुरी कमी होते. पण झाडामागे पाणी वाचणं आणि तालुक्याचा उपसा कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी दोन एकर बाग लावतो, आणि त्याच्या जागी कोणीही असता तर तेच करता. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात अनुदान देऊन सिंचनाची कार्यक्षम यंत्रं बसवली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की भूजलाचा उपसा त्यानंतर घटण्याऐवजी वाढला. त्यात आपल्याकडे २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे आणि सौरपंपांचाही धडाका आहे. शेतकऱ्याला बिलाचा जाच नको हे मान्य. पण मोटार जास्त तास चालवण्याचा खर्च शून्यावर आला की थांबण्याचं कुठलंच कारण उरत नाही, हेही मान्य करावं लागेल.

मग काय, सरकारने मीटर लावून दंड करायचा? तसं झालं तर पहिल्याच आठवड्यात मीटर फुटतील. याहून चांगलं उत्तर या मातीतच होतं. साक्री भागातल्या पांझरेवर आणि जुन्या खानदेशात मोडणाऱ्या बागलाणातल्या मोसम, आरम या नद्यांवर काही शतकं फड पद्धत चालली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे तीन-चार फड. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक आणि कोणता फड कोरडा हे दरवर्षी लाभधारक बसून ठरवत. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असे, त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एक फड सोडावा लागला तर झळ सगळ्यांना सारखी बसे. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि त्यांचा मोबदला शेतकरीच देत. आपल्या वादासाठी यातली महत्त्वाची गोष्ट एवढीच, की फडाने ऊस बंद केला नव्हता. ऊस किती आणि कुठे, हे मात्र एकट्या मालकाच्या मर्जीवर सोडलं नव्हतं. नदीत त्या वर्षी पाणी किती आहे हे पाहून पीक ठरे. आपण पीक आधी ठरवतो आणि मग पाणी शोधत खाली खाली जातो.

यावर येणारा आक्षेप वजनदार आहे. फड वाहत्या पाण्यावर चालला. पाटातलं पाणी सगळ्यांना दिसतं, शेजाऱ्याने जास्त घेतलं तर लगेच कळतं. जमिनीखालचं पाणी दिसत नाही, विहीर खाजगी असते, आणि एका गावाने हात आखडला तरी शेजारचं गाव ते पाणी ओढून घेऊ शकतं. वरच्या अंगाला धरणं आली, गावोगाव मोटारी आल्या आणि फडही विस्कटलेच. हे सगळं खरं आहे. पण अदृश्य पाणी दृश्य करणं हे आता अवघड तंत्र राहिलेलं नाही. निरीक्षण विहिरी आहेत आणि कृषी फीडरवर किती वीज गेली याची नोंद महावितरणकडे असतेच. त्याच कॅन्ससमध्ये शेरिडन परगण्यातल्या शेतकऱ्यांनी २०१३ पासून पाच वर्षांसाठी उपसा २० टक्क्यांनी कमी करण्याचं आपसांत ठरवलं आणि राज्याच्या कायद्याने त्याला बळ दिलं. कपात ठरल्यापेक्षा जास्तच झाली आणि नफा फारसा घटला नाही. तिथे विहिरी खाजगीच होत्या. आपल्याकडेही महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये विहिरींची नोंदणी, पाणलोट समित्या आणि पाण्यानुसार पीक आराखडा यांची तरतूद आहे. कायदा २०१४ मध्ये लागू झाला, पण बांधावर त्याचा वास नाही.

दुसरा आक्षेप रागाचा आहे आणि त्यातलं निम्मं बरोबर आहे. तापीचं पाणी गुजरातच्या उकाई धरणात जाऊन साठतं, पाडळसरे धरण वर्षानुवर्षं रखडतं, सारंगखेडा-प्रकाशा बॅरेजमधलं पाणी उपसा योजना बंद पडल्याने शेतापर्यंत पोचलं नाही, मग काटकसर केळीवाल्यानेच का करायची? हक्काचं पाणी मागायलाच हवं आणि या रखडपट्टीचा जाबही विचारायला हवा. मात्र उकाईतलं उद्या सगळं पाणी परत आणलं, तरी यावलच्या भूजलाची मर्यादा यावललाच सांभाळावी लागेल.

या वादात एक बाजू नेहमी राहून जाते, ती म्हणजे पाणी कसलं आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात देशात नायट्रेटने सर्वाधिक बाधित म्हणून जे १५ जिल्हे दाखवले, त्यात महाराष्ट्राचे ७ आहेत आणि त्या सातांत जळगाव आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा. त्यापलीकडे तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटण्याचा धोका असतो. हे नायट्रेट युरियातून येतं, शेणखताच्या ढिगातून येतं, शोषखड्ड्यांतून आणि उघड्या गटारांतून येतं. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. आता या पट्ट्यात मुद्दाम पाणी मुरवायचं आहे. जो थर पाणी पटकन आत घेतो, तो वरचं खतही तितक्याच पटकन आत घेतो. आणलेलं पाणी चांगलं असेल तर जुनं प्रदूषण थोडं विरळ होईल, पण केळीला खताचा मारा आजच्यासारखाच राहिला तर आपण कोट्यवधी रुपये खर्चून ते नायट्रेट आणखी खोल पोचवू. टंचाईचं खातं एका कार्यालयात आणि प्रदूषणाचं दुसऱ्यात, ही सरकारी सोय आहे. विहीर मात्र एकच असते.

म्हणून मागणी मोघम ठेवत नाही. मेगा रिचार्जचा पहिला कालवा खोदण्याआधी लाभक्षेत्रातल्या प्रत्येक पाणलोटात विहिरींची नोंदणी पूर्ण व्हावी. दिवाळीच्या सुमारास पातळी मोजून त्या वर्षी किती उपसायचं आणि बारमाही बागा किती ठेवायच्या हे ग्रामसभांनी ठरवावं, आणि तो ठराव पाळणाऱ्या गावांना पुनर्भरणाच्या कामात अग्रक्रम मिळावा. केळीच्या लागवडीतली घट लहान शेतकऱ्यापासून सुरू होता कामा नये. फडासारखी प्रत्येकाने थोडी थोडी सोडावी, आणि ज्याची पन्नास एकर बाग आहे त्याने आधी. निरीक्षण विहिरींचे पातळीचे आणि नायट्रेटचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. शहरांचं सांडपाणी प्रक्रियेविना नदीत सोडणाऱ्या पालिकांनाही याच बैठकीत बसवावं, कारण नुसत्या शेतकऱ्याला शिस्त शिकवायला गेलेल्या अधिकाऱ्याचं गावात कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. सुमारे १९ हजार कोटींच्या प्रकल्पात या कामाला किती रक्कम ठेवली आहे, हा प्रश्न रावेर आणि यावलच्या आमदार-खासदारांनी येत्या अधिवेशनात विचारावा.