हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

निवडणुकीच्या तोंडावर केलेली भाडेकपातीची घोषणा कोणत्याही महानगरात टाळ्या मिळवते. लंडनही त्याला अपवाद नाही. मुंबईचा महापौर प्रामुख्याने सभागृहाचा अध्यक्ष असतो. लंडनचा महापौर मात्र थेट जनतेतून निवडला जातो आणि 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन' या संस्थेच्या बस व भुयारी रेल्वेचे भाडे तोच ठरवतो. अधिकार त्याचा, म्हणून उत्तरदायित्वही त्याचेच. सादिक खान यांच्या भाडेधोरणाची चिकित्सा याच कसोटीवर व्हायला हवी.

मे २०१६ मध्ये निवडून येताना खान यांनी चार वर्षे भाडे गोठवण्याचे वचन दिले होते. २०२० मध्ये लंडनकराला २०१६ पेक्षा एक पेनीही अधिक द्यावी लागणार नाही, असा त्याचा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात भाडे गोठले ते सुट्या प्रवासाचे. खासगी रेल्वे कंपन्यांशी संलग्न असलेले पास आणि दैनिक व साप्ताहिक कमाल भाडे वाढतच राहिले. ते आपल्या अधिकारात नाही, असे खान सांगत राहिले. मग वचन देताना ही मर्यादा ठाऊक नव्हती काय? दूरच्या उपनगरातून पास काढून रोज कामावर येणारा चाकरमानी दर वर्षी अधिक पैसे मोजत होता आणि सवलतीचा लाभ अधूनमधून प्रवास करणाऱ्याला व चार दिवसांच्या पर्यटकाला मिळत होता.

या सवलतीची किंमत संस्थेच्याच अंदाजानुसार चार वर्षांत सुमारे ६४ कोटी पौंड होती. ती कोठून यायची होती? संस्थेला मिळणारे वर्षाकाठी सुमारे ७० कोटी पौंडांचे परिचालन अनुदान बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१५ मध्येच घेतला होता. तो निर्णय चुकीचाच होता आणि त्याचा दोष खान यांच्याकडे जात नाही. परंतु एक झरा आटणार हे दिसत असताना दुसऱ्यालाही बांध घालणे, याला दूरदृष्टी कसे म्हणावे?

काटकसर करून तूट घटवली, हा खान समर्थकांचा युक्तिवाद निराधार नाही. तासाभरात बस बदलली तरी एकच भाडे घेण्याची २०१६ मधील योजनाही स्वागतार्हच होती. कारण तिचा लाभ खरोखर कमी उत्पन्नाच्या प्रवाशाला झाला. मात्र काटकसरीतून वाचलेला पैसा सेवेला बळ देण्याऐवजी घोषणेच्या पूर्तीत खर्ची पडला. त्यातच 'क्रॉसरेल' हा नवा रेल्वेमार्ग रखडला. डिसेंबर २०१८ मध्ये सुरू व्हायचा तो मे २०२२ मध्ये सुरू झाला. अपेक्षित उत्पन्नही तितकेच लांबले. अतिगर्दीच्या कॅम्डेन टाउन स्थानकाचा विस्तार २०१८ मध्ये स्थगित करावा लागला.

२०२० मध्ये कोरोनाची साथ आली आणि दुष्काळात तेरावा महिना उजाडला. अशा आपत्तीत कोणतीही परिवहन संस्था डगमगली असती. पण लंडनची संस्था मुख्यतः तिकिटाच्या पैशावरच उभी होती. मे २०२० मध्ये केंद्राने सुमारे १६० कोटी पौंडांचे साहाय्य दिले, ते भाडेवाढीच्या अटीसह. भाडे ठरवण्याचा जो अधिकार महापौराने मिरवला, तोच त्याला गहाण ठेवावा लागला.

एवढ्यावरही बोध झाला नाही. मे २०२४ च्या निवडणुकीपूर्वी भाडे पुन्हा गोठवण्यात आले आणि त्यासाठी महापौरांच्या प्रशासनाने १२.३ कोटी पौंड मोजले. निवडणूक आटोपली आणि मार्च २०२५ मध्ये भुयारी रेल्वेचे भाडे ४.६ टक्क्यांनी वाढले!

मुंबईकराला ही कथा परकी वाटू नये. जुलै २०१९ मध्ये 'बेस्ट'चे किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आले. स्वतःच्या मालकीच्या गाड्या घटत गेल्या, भाडेतत्त्वावरील गाड्या वाढल्या, आणि मे २०२५ मध्ये तेच भाडे एकदम १० रुपये झाले.

सार्वजनिक वाहतूक स्वस्त असलीच पाहिजे. मात्र स्वस्ताईचा भार कोण उचलणार, हे घोषणेच्याच दिवशी अंदाजपत्रकात लिहून दाखवणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे. ते टाळले की घोषणेचे श्रेय नेत्याला मिळते आणि देयक मात्र थांब्यावर ताटकळणाऱ्या प्रवाशाच्या हाती पडते.