पितरांच्या यादीत ही दोन नावे लिहा

कामगार बंधूंनो,

वाराणसीहून हे लिहीत आहे. दर डिसेंबरात वर्तमानपत्रे वर्षभरात दिवंगत झालेल्यांची यादी छापतात. मंत्री, नट-नट्या, खेळाडू, उद्योगपती. कामगार पुढाऱ्याला त्यात जागा मिळालीच, तर अगदी तळाला, दोन ओळींची. आपण ती यादी वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. म्हणून आज एका जुन्या वर्षाची यादी आपण आपल्या हाताने करू. वर्ष १९५५.

त्या वर्षी १ जानेवारीला शास्त्रज्ञ शांतिस्वरूप भटनागर गेले. ११ मार्चला पेनिसिलीनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग, १८ एप्रिलला आइन्स्टाइन. या थोरांना जगाने आठवणीत ठेवले, ते योग्यच झाले. पण त्याच वर्षी दोन मराठी माणसेही गेली. १२ जानेवारीला वाराणसीचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर आणि ३० मेला नारायण मल्हार जोशी. आपल्या किती शाखांत ही नावे ठाऊक आहेत? सवाल कडू आहे, पण विचारलाच पाहिजे.

पराडकरांचा जन्म १८८३ सालचा, काशीतल्या मराठी घराण्यातला. घरची भाषा मराठी, लेखणी हिंदी. कलकत्त्यात पत्रकारी करताना १९१६ साली इंग्रज सरकारने त्यांना पकडले आणि सुमारे साडेतीन वर्षे अडकवून ठेवले. सुटून आले आणि १९२० साली काशीत सुरू झालेल्या 'आज' दैनिकात रुजू झाले. पुढे त्याचे संपादक म्हणून ते देशभर गाजले. १९३० च्या आंदोलनात सरकारने छापखान्यांचे तोंड बांधले, तेव्हा काशीत 'रणभेरी' नावाचे गुप्त पत्रक निघू लागले. त्यामागेही पराडकर होते. १९२५ साली वृंदावनच्या संपादक संमेलनात त्यांनी बजावले होते की पुढे वर्तमानपत्रे मोठी आणि देखणी होतील, पण त्यांत भांडवल ओतणाऱ्याचा शब्द चालेल आणि संपादकाचे स्वातंत्र्य जाईल. आज संपाची बातमी 'प्रवाशांचे हाल' या मथळ्याखाली येते आणि संप का झाला हे शेवटच्या ओळीतही सापडत नाही. पराडकर काय म्हणत होते, ते आता वेगळे सांगायला नको.

ना. म. जोशी रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम परिषद पहिल्यांदा भरली, तेव्हा हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते गेले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत आयटक स्थापन झाली, तिच्या उभारणीत ते होते. मद्रासच्या बकिंगहॅम-कर्नाटक गिरणीच्या मालकांनी युनियनच्या पुढाऱ्यांना कोर्टात खेचले. संघटना बांधणे हाच जणू गुन्हा ठरला. तेव्हा १९२१ साली जोशींनी केंद्रीय कायदेमंडळात युनियनांची नोंदणी आणि संरक्षण यांसाठी कायदा करा, असा ठराव मांडला. त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. १९२४ साली त्यांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या लाभाचे विधेयक आणले. सरकारने आणि मालकांनी ते हाणून पाडले, तरी मुद्दा मेला नाही.

जोशी मवाळ होते, असा आक्षेप जुने साथी घेतात. १९२९ साली नागपूरच्या अधिवेशनात ते आयटकमधून बाहेर पडले, हे खरे. पण १९४० साली पुन्हा तिचे सरचिटणीस झाले आणि १९४८ पर्यंत राहिले, हेही खरे. मतभेदाचा हिशेब मांडायचा तर पूर्ण मांडावा. आपल्या रेल्वेत आणि टपालात एका खात्यात चार झेंडे नाचवणाऱ्यांनी तरी त्यांना फुटीचा धडा शिकवू नये.

आता आजचे बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेने १९२६ चा कायदा रद्द केला. सरकार म्हणते, २९ कायद्यांची अडगळ आवरली. युनियनच्या नोंदणीची तरतूद संहितेत आहे, हे मान्य. पण संपाआधी १४ दिवसांची नोटीस देण्याचे बंधन पूर्वी रेल्वे-टपालासारख्या लोकोपयोगी सेवांवर होते, ते आता सगळ्या उद्योगांवर आले. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संपच धरला जाणार. टपाल खात्यात तर २०२३ सालीच एन.एफ.पी.ई. या जुन्या महासंघाची मान्यता निधीच्या वापराचे कारण दाखवून काढून घेतली गेली. ज्या माणसाने संघटनेला कायद्याचे छत्र मिळवून दिले, त्याचे नाव मुंबईत लोअर परळच्या रस्त्याला आहे. रस्त्यालगतच्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले. पाटी तेवढी शिल्लक आहे.

कोणी म्हणेल, मेलेल्यांची नावे उगाळून पगारवाढ मिळते काय? मिळत नाही. पण ज्याला आपला हक्क कोणी, कधी आणि कशाच्या बळावर मिळवला हे ठाऊक नसते, त्याला तो हक्क गेल्याचेही कळत नाही. साहेबाची मेहेरबानी समजून तो सही करतो आणि वर आभार मानतो.

मराठी माणूस काशीला येतो, गंगेत उतरतो, सात पिढ्यांच्या पितरांना पिंड देतो. विश्वनाथाकडे निघालेले कितीतरी यात्रेकरू मैदागिनवरून जातात. तिथले पराडकर स्मृती भवन कोणाच्या ध्यानीमनीही नसते. रक्ताचे पितर आपण विसरत नाही. मग ज्यांच्यामुळे आपण ताठ मानेने ड्युटी करतो, त्या पितरांचे काय?

त्यांना हार नकोत. दर १२ जानेवारीला प्रत्येक शाखेने एक तास बसावे, आपले मुखपत्र मोठ्याने वाचावे आणि आपल्या शेडची, आपल्या सॉर्टिंग ऑफिसची बातमी स्वतः लिहून पाठवावी. भांडवलदारांच्या पत्रांत ती येणार नाही. दर ३० मेला औद्योगिक संबंध संहिता कलमवार वाचावी, समजली नाही तर वकिलाला बोलवावे. गँगमन, खलाशी, ग्रामीण डाकसेवक आणि कंत्राटी सफाई कामगार यांना त्या बैठकीत पुढे बसवावे. आणि वर्गणी थकली असेल, तर त्याच दिवशी भरावी.

जोशी-पराडकरांचे श्राद्ध एवढेच. ते घालायला भटजी लागत नाही, सभासद लागतात.

कामगार एकजुटीचा विजय असो!