जुने घर विकताना, नवे घेताना

दांडिया बाजार, रावपुऱ्यात आता पूर्वीसारख्या मराठी पाट्या दिसत नाहीत. वाड्यांच्या जागी कॉम्प्लेक्स उभी राहिली आणि आपली माणसे मांजलपूर, वाघोडिया रोड, गोत्रीकडे राहावयास गेली. याबद्दल कोणाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. म्हाताऱ्यांना जिना चढवत नाही, दुरुस्ती परवडत नाही. घर बदलणे हा गुन्हा नव्हे. आमची तक्रार आहे ती घाईबद्दल, आणि या व्यवहारात सामान्य माणसाला वाऱ्यावर सोडणाऱ्या कारभाराबद्दल.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी जुन्या घराला गिऱ्हाईक तोंडी ठरताच नव्या फ्लॅटचा विसार देऊन टाकला. घर 'अशांत धारा' लागू असलेल्या भागात. परवानगीचा अर्ज फिरत राहिला, इकडे बिल्डरची मुदत संपत आली आणि शेवटी व्याजाने पैसे काढावे लागले. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे म्हणतात ते हेच.

१९९१ च्या या गुजरात कायद्यानुसार अधिसूचित भागातील मिळकत विकण्यास कलेक्टरची पूर्वपरवानगी लागते. विकणारा आणि घेणारा एकाच समाजाचे असले तरी ही अट सुटत नाही. परवानगीशिवाय झालेला व्यवहार रद्दबातल ठरतो. कायदा असावा की नसावा, हा वाद बाजूला ठेवू. पण परवानगी मागणाऱ्या प्रामाणिक माणसाला अमुक दिवसांत हो किंवा नाही असे लेखी उत्तर मिळालेच पाहिजे. मते मागावयास येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला आपण हा प्रश्न विचारला पाहिजे.

सरकार सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर आपण शहाणे व्हावे. आधी सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड पाहा. अजून आजोबांचेच नाव असेल तर प्रथम वारसनोंद करून घ्या. वडिलोपार्जित घरात २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहिणींना शेवटच्या दिवशी सहीपुरते बोलावू नका. बानाखत लेखी करा आणि त्यात परवानगी मिळेपर्यंतची मुदत व दस्तावेजानंतर घर खाली करण्यास दोन-तीन महिन्यांची सवड लिहून घ्या. नव्या फ्लॅटसाठी नोंदणीकृत कराराशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. २०१६ च्या रेरा कायद्यातच तसे आहे.

कराचेही तसेच. दोन वर्षांहून जास्त काळ मालकीचे असलेले घर विकून झालेला नफा नव्या घरात घातला, तर त्यावर सूट मिळते. नवे घर विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत घ्यावे; बांधणार असाल तर तीन वर्षे मिळतात. विवरणपत्राची मुदत येईपर्यंत पैसे खर्च झाले नाहीत, तर ते बँकेत 'कॅपिटल गेन्स' खात्यात ठेवावे लागतात. साध्या बचत खात्यात ठेवून चालत नाही. आणि 'थोडे काळे, थोडे पांढरे' हा दलालाचा सल्ला ऐकू नका. मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक रक्कम रोखीने घेण्यास मनाई आहे. शिवाय रोखीने दिलेला पैसा नव्या घराच्या किमतीत दाखवता येत नाही, म्हणजे सूटही जाते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घरासोबत मतही हलते, पण ते आपोआप हलत नाही. नव्या पत्त्यासाठी फॉर्म ८ भरावा लागतो. तो न भरल्याने जुन्या वॉर्डात नाव राहते, माणूस तिकडे जात नाही आणि नव्या वॉर्डात त्याला कोणी विचारत नाही. एका पेठेत एकत्र राहणारा समाज चार दिशांना पांगला, तर त्याचे ऐकून घेण्याची कोणाला गरज उरत नाही. पांगणे आपल्या हाती नसेल; यादीत नाव ठेवणे आहे.

म्हणून आमची विनंती एवढीच : घर विकण्याचे ठरले की दलालाच्या आधी मंडळात सांगा. आपल्यातील वकील, बँकवाले, निवृत्त अधिकारी कागद पाहून देतील. कदाचित गिऱ्हाईकही आपल्यातच मिळेल.